मलेनियाला हरवायचे असेल तर तिचे स्पर्श मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये तुमची लेव्हल १२५ च्या आसपास आहे, व्हिगर (हेल्थ, म्हणजे जीवनशक्ती, ठरवणारा गुण) ३० आहे, उजव्या हातात उचिगाताना ही कटाना (जपानी तलवार) आणि डाव्या हातात ढाल आहे, मदतीला तीन लांडग्यांची स्पिरिट ॲश (लढतीत साथ देणारे आत्मे) बोलावता, आणि तरीही हेलिगट्री या महावृक्षाच्या मुळाशी बसलेली मलेनिया ही बॉस (गेममधली मोठी शत्रू) तुम्हाला पहिल्याच टप्प्यात संपवते. तिचे हेल्थ निम्म्यावर आणले की ते पुन्हा भरते, आणि हवेत उडी घेऊन ती तलवारीचा जो भोवरा सुरू करते त्यातून तुम्ही एकदाही वाचलेले नाही. बोरिवलीच्या घरी, कामावरून परतल्यावर, हॉलमधल्या टीव्हीवर तुम्ही खेळता, आणि आता लेव्हल १५० पर्यंत वाढवावी की बिल्डच (गुण आणि शस्त्रांची मांडणीच) बदलावा, असे तुम्ही विचारले आहे.

दादरला मी गेमिंग कॅफे चालवतो. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी हा गेम आला तेव्हापासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून असंख्य मुलामुलींनी मलेनियाशी झुंज दिली आहे. स्वतः खेळताना जे कळत नाही ते दुसऱ्याचे खेळणे शांतपणे पाहताना कळते, म्हणून हे उत्तर माझ्या खेळण्यापेक्षा त्या पाहण्यावर अधिक आधारलेले आहे. तुमच्या प्रश्नाला माझे थेट उत्तर असे: लेव्हल १२५ पुरेशी आहे, शस्त्रही चांगले आहे, परंतु तुमची सध्याची मांडणी तिला सतत हेल्थ पुरवत आहे. आधी ती थांबवावी लागेल.

मलेनियाचे वैशिष्ट्य असे, की तिच्या तलवारीचा प्रत्येक लागलेला फटका तिचे हेल्थ वाढवतो. तुमचे नुकसान किती झाले याच्याशी या वाढीचा संबंध नसतो. तुम्ही शंभर टक्के आघात अडवणारी ढाल पुढे केली आणि तुमच्या हेल्थला ओरखडाही आला नाही, तरी ढालीवर बसलेला फटका तिच्या दृष्टीने लागलेलाच असतो आणि तिचे हेल्थ वाढते. परळ-लालबागच्या मैदानांवर कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगेल: चढाई करणाऱ्याने हात किती जोरात मारला याला अर्थ नसतो, स्पर्श झाला की गुण गेला. त्यामुळे या लढतीत ‘मी किती डॅमेज दिले’ हा हिशोब दुय्यम ठरतो आणि ‘तिला मी किती वेळा स्पर्श करू दिला’ हा मुख्य होतो. शस्त्र, ॲश, अंतर, घाई आणि संयम यांबद्दल पुढे जे काही लिहितो आहे, ते सर्व याच एका गोष्टीतून निघते.

या कसोटीवर तुमची मांडणी तपासू. लांडग्यांची ॲश गेमच्या सुरुवातीला फार उपयोगी असते, परंतु इथे ती उलटते. तीन लांडगे म्हणजे तिला फटके लावण्यासाठी तीन जादा शरीरे, आणि तिच्या एका फिरत्या वारात ते तिघेही सापडले तर तिचे हेल्थ एकाच वेळी तीनदा वाढते. गर्दी करणारी कोणतीही ॲश याच कारणाने इथे टाळावी. ॲश वापरायचीच असेल तर ब्लॅक नाइफ टीशे वापरा. ती एकटी असते, चपळ असते, स्वतः होऊन वार चुकवते, आणि तिच्या काळ्या सुरीचा एक वार असा आहे की तो शत्रूच्या एकूण हेल्थच्या प्रमाणात परिणाम करतो. मलेनियासारख्या मोठ्या हेल्थच्या शत्रूवर तो विशेष जाणवतो. रानी या पात्राच्या कथानकात बरेच पुढे गेल्यावर रिंगलीडर्स एव्हरगाओल या कैदखान्यात अलेक्टो या शत्रूला हरवले की टीशे मिळते. अलेक्टोची लढतही सोपी नाही, परंतु मलेनियाची पूर्वतयारी म्हणून ती उत्तम आहे, कारण तिथेही न थांबणाऱ्या, झेपावणाऱ्या शत्रूला तोंड द्यावे लागते. नोक्रॉन या भूमिगत शहरात मिळणारी मिमिक टिअर, म्हणजे तुमचीच प्रतिकृती, हा दुसरा पर्याय आहे. ती दणकट आहे खरी, परंतु तुमचे शस्त्र आणि तुमचीच ढाल घेऊन ती उतरते आणि मलेनियाचे फटके खात उभी राहते, म्हणून मी तिला टीशेच्या खाली ठेवीन. दोघींपैकी जी निवडाल ती +१० पर्यंत नेल्याशिवाय आत नेऊ नका.

व्हिगरच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. व्हिगर ४० ला हेल्थ १,४५० असते आणि ६० ला १,९००. तुमच्या ३० ला ते जेमतेम हजारापर्यंत पोहोचते. ज्या शत्रूचे फटके मालिकेने येतात त्याच्यापुढे हजार हेल्थ म्हणजे चुकीला जागाच नाही. लेव्हल १५० करण्याआधी राया लुकेरिया अकादमीत रेनालाकडे जा, लार्व्हल टिअर ही एक वस्तू खर्च करा आणि आहेत तेच गुण नव्याने वाटून घ्या. बहुतेक खेळाडूंच्या बिल्डमध्ये दहा-पंधरा गुण अशा ठिकाणी पडलेले असतात जिथे त्यांचा काहीच उपयोग होत नसतो. व्हिगर किमान ५० करा. ६० केलेत तर उत्तमच. मलेनियाच्या तलवारीचे सगळे फटके शारीरिक आघातात मोडतात, त्यामुळे शारीरिक आघात कमी करणारा ड्रॅगनक्रेस्ट ग्रेटशील्ड टॅलिस्मन इथे सर्वाधिक कामी येतो, आणि तो एल्फेल या हेलिगट्रीच्या भागातच, तिच्यापासून फार दूर नाही अशा जागी मिळतो. चिलखत घालताना एकूण वजन ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे रोल (कोलांटी मारून वार चुकवणे) इतका जड होतो की मग इथला एकही सल्ला लागू पडणार नाही.

उचिगाताना बदलू नका. मलेनियाला रक्तस्राव होतो आणि तिला थंडीही बाधते. स्कार्लेट रॉट (अंग सडवणारा रोग) अंगी बाळगलेल्या या देवीवर विष किंवा रॉट चालवण्याच्या भानगडीत पडू नका. होली (पवित्र शक्तीचा) आघात ती सर्वांत चांगला पचवते, म्हणून सेक्रेड इन्फ्यूजन (शस्त्राला त्या शक्तीची जोड) किंवा सोनेरी मंत्रांवर उभारलेला बिल्ड तिच्यापुढे फिका पडतो. आग मात्र तिला पुरती लागते. उचिगातानामध्ये रक्तस्राव मुळातच असतो, आणि तिच्यावर कोल्ड इन्फ्यूजन केले तर तो राहतोच, शिवाय थंडीही साठू लागते. एका शस्त्रात दोन बाधा, हे तुमच्या परिस्थितीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक पाऊल आहे. थंडीची बाधा पूर्ण झाली की शत्रूवर पुढचे अर्धा मिनिट प्रत्येक आघात २० टक्के अधिक बसतो. आगीचा फटका बसला की थंडीची अवस्था उतरते आणि ती पुन्हा साठवता येते, म्हणून बरेच जण कोल्ड शस्त्राच्या जोडीला थोडी आगही बाळगतात. शस्त्र +२५ नसेल तर एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन (शस्त्र वाढवण्याचा दगड) इथेच खर्च करा, पुढच्यासाठी राखून ठेवू नका. रायकार्ड या बॉसकडून मिळणारी ब्लास्फेमस ब्लेड ही तलवार तुमच्याकडे असेल आणि गुण पुरत असतील तर तीही विचारात घ्या. तिची ज्वाला अंतरावरून लागते, मलेनियाला पाडते आणि तुमचे हेल्थ भरते.

आता त्या भोवऱ्याकडे वळतो, कारण खेळाडू हरतात ते बहुधा याच ठिकाणी. त्याचे नाव वॉटरफाउल डान्स, पुढे मी त्याला नृत्यच म्हणेन. पहिल्या टप्प्यात मलेनियाचे हेल्थ साधारण तीन चतुर्थांशाखाली उतरेपर्यंत ती हा हल्ला वापरत नाही. ही माहिती फार मोलाची आहे. लढतीचा पहिला चतुर्थांश भाग तुम्ही मोकळेपणाने, जवळ राहून, आक्रमकपणे खेळू शकता आणि त्यानंतर खेळण्याची पद्धत बदलायची असते. माझ्या कॅफेतले अनेक खेळाडू नेमके उलटे करतात: सुरुवातीला घाबरून दूर राहतात, मग हेल्थ उतरलेले पाहून धीर चढतो, आणि नृत्य सुरू होण्याच्या नेमक्या वेळी ते तिच्या पायाशी उभे असतात.

ती सरळ वर उडते, हवेत एक क्षण लटकते, तलवारीचा हात मागे खेचला जातो आणि हवा कापल्यासारखा एक वेगळा आवाज होतो. त्यानंतर फटक्यांच्या झोडी एकामागून एक येतात. पहिली झोड सर्वांत लांब आणि सर्वांत घातक असते, कारण ती तुमचा माग काढत येते. तुम्ही मध्यम अंतरावर असाल तर उपाय एकच: ती उडाली त्याच क्षणी पाठ फिरवून सरळ पळत सुटा. रोल करू नका, पळा. पहिली झोड तुमच्या मागे संपते. दुसऱ्या झोडीसाठी ती लगेच तुमच्याकडे झेपावते. तेव्हा तिच्या दिशेने, तिच्या खालून पलीकडे जाण्यासारखा रोल घ्या. मागे रोल केलात तर झोडीच्या टोकाशी सापडाल. तिसरी झोड आखूड असते. पुन्हा तिच्या दिशेने रोल. शेवटचा एक सुटा फटका येतो, आणि तो चुकवला की ती क्षणभर स्थिर उभी राहते. तिथे तुमचे दोन फटके निश्चित.

इथे कंट्रोलरची एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कुणी सांगत नाही आणि तिच्यामुळे शिकलेला खेळाडूही मरतो. या गेममध्ये पळणे आणि रोल दोन्ही एकाच बटणावर आहेत, आणि रोल होतो तो बटण सोडल्यावर. पहिल्या झोडीपासून पळताना तुमचे बोट त्या बटणावर घट्ट दाबलेले असते. दुसरी झोड येताना तुम्ही आणखी जोरात दाबता, आणि काहीच होत नाही. बोट आधी उचलायला हवे, मग एक छोटा टिचका मारून लगेच सोडायला हवे. हा क्रम अंगवळणी पडण्यासाठी मलेनियाची गरजही नाही. कोणत्याही मोकळ्या मैदानात ‘पळा, सोडा, टिचका’ असा सराव करून पाहा. त्याचबरोबर लक्षात ठेवा की गेम तुमचे बटण आठवणीत ठेवतो. घाबरून रोल दोनदा दाबलात तर पहिला रोल संपल्यावर दुसरा आपोआप होतो, आणि मलेनियाचे मुद्दाम उशिरा येणारे वार त्या दुसऱ्या रोलच्या शेवटी तुम्हाला गाठतात. अशा वेळी खेळाडू मला सांगतात की रोल लागलाच नाही. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा लागलेला असतो, फक्त एक जास्तीचा लागलेला असतो.

नृत्य सुरू झाले तेव्हा तुम्ही अगदी जवळ असाल तर पळून सुटका होत नाही. तेव्हा तीन मार्ग उरतात. पहिला, लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवणे) सोडून तिच्या खालून गोल फिरत पळण्याचा. ती हवेत असताना तिच्या बगलेने मागे गेलात तर पहिल्या झोडीची वळणे तुमच्या बाहेरून जातात. हा मार्ग देखणा आहे, परंतु सरावाला वेळ लागतो आणि कॅमेरा हाताशी नसेल तर तो फसतो. दुसरा, फ्रीझिंग पॉट (फेकून मारायचे थंडीचे मडके). ती हवेत लटकलेली असतानाच पॉट तिच्यावर आदळला तर ती खाली पडते आणि नृत्य तिथेच थांबते. त्यासाठी पॉट झटपट वापरायच्या वस्तूंमध्ये आधीच निवडून ठेवावा लागतो, कारण शोधत बसायला वेळ नसतो. तिसरा मार्ग तुमच्यासाठी आहे, कारण तुमच्या हाती ढाल आहे. पहिली झोड ढालीवर घ्या, दुसरी आणि तिसरी रोलने चुकवा. होय, पहिल्या झोडीत तिचे हेल्थ वाढेल. तो तोटा मान्य करून तुम्ही जिवंत राहता. ढाल शारीरिक आघात पूर्ण अडवणारी हवी, तिच्यावर बॅरिकेड शील्ड हे कौशल्य लावता आले तर स्टॅमिना वाचतो, आणि पहिली झोड संपताच ढाल खाली करण्याचे भान हवे. बाकी सर्व लढतीत मात्र ढालीमागे उभे राहू नका. मोठी ढाल पुढे धरून मागून टोचत राहण्याचे बिल्ड या लढतीत चालतात, पण त्यांत मिळणारे हेल्थ भरून काढण्याइतके डॅमेज सतत द्यावे लागते. उजव्या हातात उचिगाताना आणि डाव्या हातात साधी ढाल घेऊन ते जमत नाही.

ब्लडहाउंड्स स्टेप या झटक्यात सरकण्याच्या कौशल्याविषयी बरेच जण विचारतात. केलिडमध्ये लेनीज राइजजवळच्या पुलावर रात्री फिरणाऱ्या नाइट्स कॅव्हलरी या घोडेस्वार शत्रूकडून ती मिळते. नंतरच्या पॅचमध्ये तिची ताकद कमी करण्यात आली, तरीही नृत्यातून बाहेर पडायला ती उपयोगी आहे. तुमच्या जागी मी असतो तर आधी साधा रोल शिकलो असतो, कारण मलेनियाचे उरलेले वार रोलनेच चुकवायचे असतात.

नृत्याचा धाक कमी झाला की पहिला टप्पा बराच सरळ आहे. ती हळूहळू चालत येते तेव्हा तिला येऊ द्या. अंगावर धावून जाऊ नका. तिचे बहुतेक कॉम्बो (सलग वारांच्या साखळ्या) सरळ पुढे येणारे असतात, त्यामुळे मागे सरकण्यापेक्षा तिच्या बाजूने तिरका रोल अधिक टिकतो. कॉम्बोचा शेवट ओळखायला शिका, आणि शेवट झाल्यावर दोनच फटके मारा. तिसऱ्याचा मोह झाला की ती मागे उडी घेते किंवा मधूनच वार काढते. तलवार मागे नेऊन, वाकून, वेगाने पुढे येत ती तुम्हाला भोसकून वर उचलते, तो पकडीचा वार काहीही करून चुकवा, कारण तो लागला की एकाच वेळी तुमचे खूप जाते आणि तिला खूप मिळते. मलेनियाची एक कमकुवत बाजू अशी, की इतक्या मोठ्या दर्जाच्या बॉसच्या मानाने तिचा तोल सहज जातो. वाराच्या मधोमध नसेल तर ती तुमच्या फटक्याने अडखळते, आणि उडी मारून केलेले जड वार तिचा पवित्रा लवकर मोडतात. पवित्रा मोडून ती गुडघ्यावर आली की समोरून क्रिटिकल फटका मिळतो. तीन चतुर्थांशाखाली उतरल्यावर मात्र प्रत्येक दोन फटक्यांनंतर मध्यम अंतरावर परत जाणे हा नियम करा. नृत्य कधी येईल हे ठरवणे तुमच्या हाती नाही, ते आले तेव्हा तुम्ही कुठे उभे असाल हे आहे.

पहिला टप्पा संपल्यावर ती फुलातून पंख घेऊन उठते आणि दुसरा टप्पा सुरू होतो. तिचे हेल्थ पुन्हा पूर्ण भरते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती सुमारे ८० टक्क्यांवर सुरू करते. दुसऱ्या टप्प्याचा आरंभ नेहमी स्कार्लेट एओनियाने होतो: ती वर जाते आणि तुमच्यावर झेप घेते, आपटल्यावर एक स्फोट, आणि पाठोपाठ फूल उमलताना दुसरा. ती वर गेली की दूर पळा, झेपेच्या क्षणी रोल करा, आणि उमलण्याच्या कक्षेबाहेर थांबा. फूल उमलल्यावर ती काही क्षण आत बसून राहते. हा संपूर्ण लढतीतला सर्वांत मोठा अवकाश आहे, आणि त्याचा एक उपयोग बरेच जण विसरतात: फ्लास्क ऑफ वंड्रस फिझिक हे मिश्र औषध इथे प्या. त्यात ओपलाइन हार्डटिअर (आघात कमी करणारा घटक) घातला असेल तर त्याचा परिणाम ३ मिनिटे टिकतो. पहिल्या टप्प्याच्या आरंभी प्यायलात तर दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे खरी गरज असताना, तो संपलेला असतो. त्यानंतर जाऊन वार करायचे की नाही हे रॉटवर अवलंबून आहे. फुलाभोवतीच्या लाल धुक्यात उभे राहिलात तर रॉट भरू लागतो, म्हणून तो पूर्ण भरण्याआधी बाहेर या. प्रिझर्व्हिंग बोलसेस (रॉट उतरवणाऱ्या गोळ्या) खिशात असू द्या, किंवा फेथ हा गुण पुरेसा असेल तर फ्लेम, क्लीन्स मी हा मंत्र शिकून घ्या. हेल्थ भरणारा फ्लास्क पिऊन रॉट जात नाही. केवळ हेल्थ भरत राहिलात तर काही वेळातच फ्लास्क संपतील.

दुसऱ्या टप्प्यात तिच्या वारांना पंखांची जोड मिळते आणि झेपा लांबतात. नवा एक हल्ला असा, की ती हवेतून आपल्या प्रतिकृती एकामागून एक तुमच्यावर सोडते आणि शेवटी स्वतः येते. यात थांबून प्रत्येक प्रतिकृतीला रोल करू नका, स्टॅमिना संपेल. एकाच बाजूला सलग पळत राहा. बहुतेक प्रतिकृती मागे पडतात, आणि राखून ठेवलेला रोल ती स्वतः येईल तेव्हा वापरा. वॉटरफाउल डान्स या टप्प्यात कधीही येऊ शकतो, त्यामुळे तीन चतुर्थांशाची वाट पाहण्याची सवलत इथे नाही. मध्यम अंतर पहिल्या क्षणापासून पाळा.

सराव कसा करावा याविषयी माझे मत ठाम आहे. रोज पूर्ण लढत जिंकण्याच्या इराद्याने आत जाऊ नका. काही दिवस असे ठेवा की त्या दिवशी फक्त नृत्य शिकायचे. आत जाण्यापूर्वी सगळे रून्स (मेल्यावर हातचे जाणारे गेममधले चलन) खर्च करून टाका, म्हणजे मरण्याची भीती उरत नाही. तिचे हेल्थ तीन चतुर्थांशाखाली आणा, मग हल्ला पूर्ण थांबवा आणि मध्यम अंतरावर फिरत नृत्याची वाट पाहा. ते आले, तुम्ही वाचलात किंवा मेलात, की पुन्हा तेच. हेलिगट्री रूट्सच्या ग्रेसपासून (मेल्यावर पुन्हा सुरू होण्याच्या जागेपासून) तिचे दार जवळ आहे, म्हणून असा सराव इथे परवडतो. या काळात ॲश बोलावू नका. ॲश असली की तिचे लक्ष विभागले जाते आणि तुम्हाला तिची खरी लय कळत नाही. डोक्यावर मडके घालून, जवळजवळ उघड्या अंगाने, दोन कटाना घेऊन अनोळखी लोकांच्या मदतीला धावणारा ‘लेट मी सोलो हर’ नावाचा खेळाडू २०२२ मध्ये जगभर प्रसिद्ध झाला, त्याची ताकद चिलखतात नव्हती हे उघडच आहे. त्याने तिचा प्रत्येक वार पाठ केला होता. मित्राला मदतीला बोलावणार असाल तर हेही लक्षात घ्या की त्यामुळे तिचे हेल्थ वाढते, आणि त्याने खाल्लेला प्रत्येक फटकाही तिच्याच खात्यात जमा होतो.

टीव्हीचे सेटिंग आजच तपासा. घरातले टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर दिसणे यांत अंतर पडते. मालिका पाहताना ते कळत नाही, पण मलेनियापुढे तेच अंतर प्राणघातक ठरते. सेटिंगमध्ये गेम मोड सुरू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. माझ्याकडे येणारे काही जण घरी हरतात आणि कॅफेत मॉनिटरवर पहिल्याच दिवशी दुसऱ्या टप्प्यात पोहोचतात, त्यामागे हेच कारण असते. प्लेस्टेशन ५ वर खेळत असाल तर या गेमची प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती त्यावर चालवून पाहा. चित्र किंचित कमी धारदार दिसते, परंतु फ्रेम रेट अधिक स्थिर राहतो. आणखी एक व्यवहाराची बाब म्हणजे या गेमला नेहमीसारखा पॉज नाही. हॉलमध्ये घरच्यांचा वावर असतो, दाराची बेल वाजते, आई काहीतरी विचारते. अशा वेळी अर्ध्या लढतीतून उठावे लागते आणि चांगली चाललेली फेरी वाया जाते. गर्दीच्या लोकलमधून बोरिवलीला उतरून आल्या आल्या कंट्रोलर हाती घेण्यापेक्षा शनिवार-रविवारची शांत सकाळ निवडा. नृत्याला मिळणारा अवधी इतका थोडा असतो, की दमलेला माणूस तो ओळखतो पण हात उशिरा हलतो.

‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा गेमचा विस्तार खेळण्यासाठी मलेनियाला हरवावेच लागते, असा समज माझ्या कॅफेत वारंवार ऐकतो, आणि कदाचित तुमच्या घाईमागेही तोच असेल. जून २०२४ मध्ये आलेल्या त्या विस्तारासाठी रडान आणि मोग या बॉसना हरवणे आवश्यक आहे, मलेनियाला नाही. ती पूर्णपणे ऐच्छिक आहे. विस्तारात जाऊन नवी शस्त्रे आणि लेव्हल घेऊन परत आलात तरी चालेल. मात्र तिथल्या स्कॅडूट्री ब्लेसिंग या शक्तिवाढीचा परिणाम मूळ गेमच्या प्रदेशात होत नाही, त्यामुळे त्या बळावर विसंबून परतू नका.

ती पडल्यावर तिचे रिमेम्ब्रन्स (शस्त्र किंवा मंत्राशी बदलता येणारी वस्तू) लगेच खर्च करू नका. त्यातून मिळणारी हँड ऑफ मलेनिया ही कटाना तुमच्या शैलीला साजेशी आहे आणि वॉटरफाउल डान्स हेच तिचे कौशल्य आहे, परंतु तिला डेक्स्टेरिटी (चपळाईचा गुण) ४८ लागते. रेनालाकडे गुण वाटताना हे ध्यानात ठेवले असेल तर पुन्हा लार्व्हल टिअर खर्चावी लागणार नाही. रिमेम्ब्रन्सची दुसरी प्रत चालत्या मॉसोलियममध्ये (पायांवर फिरणाऱ्या समाधीत) काढता येते, तेव्हा स्कार्लेट एओनियाचा मंत्रही हवा असेल तर आधी प्रत काढा. आणि मिलिसेंट या पात्राचे कथानक तुम्ही सुरू केले असेल, तर एल्फेलमध्ये तिच्या बहिणींविरुद्ध तिचीच बाजू घ्या आणि तिच्याकडून मिळणारी सोन्याची सुई मलेनियाच्या रिंगणात उरलेल्या फुलाशी परत करा. त्या बदल्यात मिळणारी मिकेलाची सुई फारुम अझुलामध्ये प्लासिडुसॅक्स या ड्रॅगनच्या रिंगणात वापरली की फ्रेन्झीड फ्लेमचा (गेमचा शेवट ठरवणाऱ्या उन्मादी ज्वालेचा) स्वीकार रद्द करता येतो, जो अन्य कोणत्याही मार्गाने रद्द होत नाही.